कयाकचा रोल अर्ध्यावरच सुटतो? आधी सांगा, किती वर आलात

मागच्या रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर धरणाच्या पाण्यात माझा भाचा सलग चौथ्यांदा उलटलेल्या कयाकमधून, म्हणजे वल्हवायच्या लांबट, अरुंद होडीतून, बाहेर पडला. नाकातोंडातलं पाणी झटकत म्हणाला, "मावशी, मी आलोच होतो वर!"

"किती वर?"

"किती म्हणजे... आलोच होतो ना."

त्याला माझा प्रश्न उगाच वाटला. पण रोल, म्हणजे पालथी झालेली कयाक बाहेर न पडता आतूनच सरळ करणं, फसला की मी प्रत्येकाला आधी हेच विचारते, कारण त्या उत्तरात निम्मं निदान असतं. बोट जागची हललीच नाही? की कडेवर आडवी होईपर्यंत आली आणि तिथेच थांबली? की जवळजवळ सरळ झाली आणि मग हळूच त्याच बाजूला परत पालथी पडली? तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. "रोल जमत नाही" एवढंच धरून माणूस पुन्हा पुन्हा उलटत राहिला, तर दर खेपेला चुकीचीच सवय पक्की होत जाते.

आमच्या छोट्या गटात गेली काही वर्षं एकच तक्रार फिरून फिरून येते. पोहण्याच्या तलावात रोल जमतो, धरणावर जमत नाही. किंवा गेल्या आठवड्यात जमत होता, आज अचानक गेला. माझंही असंच झालं होतं आणि ते सुटायला एक अख्खा उन्हाळा गेला. म्हणून जे सापडलं ते सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट बोटीची. पर्यटनाच्या ठिकाणी भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कयाक वर बसायच्या असतात. त्यात पाय मोकळे असतात, उलटली की माणूस आपोआप बाहेर फेकला जातो. तीच तिची सोय आहे आणि त्या बोटीत रोलचा प्रश्नच येत नाही. पाण्यातून पोटावर चढून परत बसायचं. रोल करायचा तर आत बसायची कयाक लागते: कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या पोकळीच्या, कडेवर घट्ट बसणारा स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ न देणारा, कमरेला घालायचा घेर), पाय टेकायला पुढे आधार आणि मांड्यांवर दाब देणाऱ्या कडा. बसल्यावर कंबर डावी-उजवी हलवा. बोट तुमच्यासोबत ताबडतोब हलली पाहिजे. तुम्ही हललात आणि बोट मागाहून आली, तर मधे जागा सुटते आहे. फोमचे तुकडे लावून ती भरा. दुसऱ्याची बोट घेतल्यावर "काल येत होतं, आज येत नाही" याचं कारण कितीदा तरी एवढंच निघतं.

नाशिककरांना वल्हवण्याचा खेळ दत्तू भोकनळमुळे माहीत झाला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने उतरला, 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण घेऊन आला. आपल्याकडे त्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण तो खेळ रोइंगचा. त्यात जायच्या दिशेला पाठ करून बसतात, लांब वल्ही बोटीला अडकवलेली असतात आणि बोट उलटली तर बाहेर पडून परत चढतात. त्यामुळे रोइंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाला रोलबद्दल विचारू नका. तो बिचारा प्रामाणिकपणे सांगेल की त्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता मूळ हालचाल. डावीकडे कलंडून उजवीकडून वर येणारा रोल धरून सांगते. डाव्या बाजूने वर येणाऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं. अंग पुढे डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या भागावर, वाकवून डावीकडे वळायचं. पॅडल, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, बोटीच्या डाव्या कडेला समांतर, उजवा हात नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे), डावा हात कमरेपाशी. बोट पालथी झाली की दोन्ही हात वर, म्हणजे पाण्याबाहेर हवेत ढकलायचे. मग उजवं पातं पाण्याच्या पृष्ठभागावरून नाळेपासून बाहेर, मोठ्या कमानीत फिरवायचं, बोटीशी काटकोन होईपर्यंत. अंग पात्याच्या मागोमाग पाण्याच्या वरच्या थरातून सरकतं. त्याच वेळी उजवा गुडघा वर ओढायचा. बोट सरळ होते ती या गुडघ्याने आणि कमरेने. पॅडल फक्त आधार देतं. क्रम असा: आधी बोट, मग धड, सगळ्यात शेवटी डोकं.

शेवटचं वाक्य प्रत्येक शिकवणारा सांगतो. "डोकं खाली ठेव!" माझे सर काठावरून हेच ओरडायचे आणि मी दर वेळी डोकं वर काढायचे. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. पाण्यात ते जवळजवळ जाणवत नाही, पण पाण्याबाहेर आलं की पूर्ण भरतं. पाच लिटर तेलाचा डबा हात लांब करून धरून बघा, म्हणजे अंदाज येईल. बोट अजून आडवी असताना एवढं वजन बाहेर काढलं की ते कमरेच्या उलट दिशेला काम करतं: तुम्ही गुडघ्याने बोट सरळ करू पाहता आणि डोकं तिला परत पालथी घालतं.

तरी "डोकं खाली ठेव" म्हणून माझं काही सुटलं नाही, कारण मी ते हौसेने वर काढतच नव्हते. पाण्यात अर्ध्यावर आल्यावर आधार निसटला की शरीर श्वासाकडे धाव घेतं. डोकं वर येणं हा त्या निसटलेल्या आधाराचा परिणाम होता. एका सकाळी आमच्यातली एक ताई शेजारच्या बोटीतून पाच रोल शांतपणे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तुझं डोकं सोड गं. तुझा डावा हात बघ." मी डावा हात वर ढकलत होते. कमरेपाशी राहायला हवा तो मागचा हात बोटीच्या पोटावरून लांब जायचा. पॅडल तराजूच्या दांडीसारखं असतं, एक टोक वर गेलं की दुसरं खाली. माझं उजवं पातं त्यामुळे खोल बुडत होतं, त्यावर भार टाकायला काहीच उरत नव्हतं आणि मग डोकं. चूक दिसायची शेवटच्या क्षणी, व्हायची पहिल्या दोन सेकंदांत.

म्हणून खालचं निदान वाचताना शेवटी काय दिसलं त्यावरून सुरुवातीला काय चुकलं ते शोधा.

बोट जागची हललीच नाही

पातं पृष्ठभागापर्यंत पोचलंच नव्हतं. घाईत माणूस उलटताक्षणी पॅडल ओढायला लागतो, हात अजून पाण्याखाली असतात आणि दांडा बोटीच्या पोटाला अडकतो. उपाय थांबण्याचा आहे. उलटल्यावर दोन सेकंद काही करू नका. लाइफ जॅकेट अंगाला वर ढकलत असतं, त्याला वेळ द्या. मग पात्याने पाण्यावर दोनदा थापटा. हवेतून पाण्यावर पडणारं पातं वेगळं कळतं. आवाज आणि हाताला लागणारा धक्का दोन्ही बदलतात. ती थाप कळल्याशिवाय कमान सुरू करायची नाही. सोबत्याला नाळेजवळ छातीभर पाण्यात उभं करा आणि पातं त्याच्या तळहातावर येऊ द्या. तो सांगेल, आलं की नाही.

एक साधं कारण आणखी. पाय. उलटताना गुडघे सैल पडले असतील तर बोट तुमचं ऐकणार नाही. उलटण्याआधीच मांड्या कडांना लावा.

आडवी होईपर्यंत आली आणि थांबली

इथे आणखी एक प्रश्न विचारायचा: संपलं तेव्हा पातं कुठे होतं?

पातं खोल गेलं असेल तर त्याचा कोन चुकला आहे. फिरताना पात्याची पुढची कड थोडी वर हवी. ओल्या गच्चीवर हात फिरवताना अंगठ्याकडची बाजू जराशी उचलली की हात वर तरंगत सरकतो आणि खाली केली की खुपतो, तसंच. कड खाली गेली की पातं नांगराच्या फाळासारखं खाली शिरतं. मागचा हात वर जातो आहे का तेही इथेच बघायचं. माझी चूक हीच होती. त्यासाठी डाव्या काखेत छोटा स्पंज धरून बघा. रोल संपेपर्यंत तो काखेतच राहिला पाहिजे. पडला तर हात लांब गेला.

कोनाचा विषय निघालाच आहे तर पॅडल बदललंत का तेही तपासा. जोडाच्या पॅडलमध्ये दोन पाती एकमेकांशी वेगवेगळ्या कोनात लावता येतात. कुणी 30 अंशांवर वापरतं, कुणी 60 वर, कुणी सरळ. भाच्याने त्या दिवशी मित्राचं पॅडल घेतलं होतं. मनगटाला सवय एका कोनाची आणि हातात दुसरा, मग पातं दर खेपेला तिरकं. बाहेर पाण्यावर वल्हवताना हे फारसं जाणवत नाही, कारण डोळे मदत करतात. पाण्याखाली ती मदत नसते. जोडावरचा कोन पाण्यात जायच्या आधी बघून घ्या आणि शिकत असाल तोवर एकाच कोनावर राहा.

पातं वरच्या थरातच होतं आणि तरी बोट थांबली, तर दोष कमरेचा. पॅडलवर जोर देऊन उठायला जाताय. त्यासाठी पॅडल बाजूला ठेवा आणि तलावाच्या काठाला जा. दोन्ही हातांनी काठ धरा, गाल हातांवर टेकवा आणि बोट आपल्या अंगावर पालथी होऊ द्या. मग फक्त उजवा गुडघा ओढून ती सरळ करा. गाल हातावरून उचलायचा नाही. जमायला लागलं की काठाऐवजी सोबत्याचे हात धरा. तो सांगेल की तुम्ही किती भार टाकताय. पहिल्या दिवशी त्याचे हात पाण्याखाली जातील. हळूहळू भार इतका कमी झाला पाहिजे की तो दोन बोटांनी तुम्हाला पेलेल. ही कसरत कंटाळवाणी आहे आणि सगळे ती टाळतात. माझ्या मते सगळ्या रोलमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

उजवा गुडघा ओढताना डावा सैल सोडायचा, हेही इथेच शिका. घाबरलेला माणूस दोन्ही गुडघे एकदम आवळतो आणि बोट दोन्हीकडून अडून बसते. भाच्याला हे कितीही समजावून कळेना. शेवटी त्याला जमिनीवर, घराच्या गॅलरीत सतरंजीवर कुशीवर झोपवलं आणि फक्त वरचा गुडघा छातीकडे ओढायला लावला. तेव्हा म्हणाला, "हा वेगळाच स्नायू आहे मावशी."

दोष पात्याचा की कमरेचा हे अजूनही कळत नसेल, तर एक जुनी चाचणी आहे. ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटा यांनी 1927 मध्ये रोल करून दाखवला. युरोपातला नोंदला गेलेला पहिला रोल म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्या नावाच्या रोलमध्ये मागचा हात दांड्यावर न ठेवता मागच्या पात्याचं टोक धरतात. त्यामुळे पॅडलचा जवळजवळ पूर्ण दांडा बाहेर पोचतो आणि तरफ लांब होते. असं धरून रोल आला आणि नेहमीच्या पकडीने आला नाही, तर तुमची दिशा आणि कोन ठीक आहेत, कंबर कमी पडते. लांब धरूनही आला नाही, तर सुरुवातच चुकते आहे. मी गटातल्या प्रत्येकाची ही चाचणी घेते. पाच मिनिटं लागतात आणि पुढचे पाच आठवडे वाचतात.

जवळजवळ सरळ झाली आणि परत पडली

हे सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात जास्त निराश करतं, कारण डोळ्यांना एकदा आकाश दिसून जातं.

इथे सुरुवात बरी झालेली असते. पातं टिकलं, कंबर फिरली, फक्त शेवट घाईत झाला. तपासायच्या दोनच गोष्टी. एक, नजर कुठे होती? वर येताना क्षितिजाकडे किंवा काठावर उभ्या माणसाकडे बघितलंत तर डोकं तिकडेच जातं. नजर पात्यावर ठेवा. पातं शेवटी उजव्या बाजूला पाण्यावर असतं. त्याच्याकडे बघत राहिलात तर डोकं आपोआप उजव्या खांद्यावर टेकलेलं राहतं. स्पंज इथेही कामाला येतो: या वेळी तो गाल आणि उजव्या खांद्याच्या मधे.

दोन, कमान पूर्ण झाली का? बरेच जण काटकोन व्हायच्या आधीच पॅडल खाली दाबतात, कारण हवा जवळ आलेली कळते. कमान पूर्ण होऊ द्या.

आणि कमान पूर्ण करण्याच्या नादात हात पाठीमागे नेऊ नका. हे वाक्य मी सगळ्यात गंभीरपणे लिहिते आहे. लांब केलेला हात अंगाच्या मागे गेला आणि त्यावर भार पडला, की खांदा निखळू शकतो. कोपर वाकलेलं, छातीजवळ, आणि दोन्ही हात नेहमी छातीच्या पुढे दिसतील असे. हात मागे नेण्याऐवजी धड वळवा. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची भीती कायम राहते. एक रोल फसला तर काही बिघडत नाही.

तलावात जमतो, धरणावर नाही

आमच्या गटातलं हे सगळ्यात जुनं दुखणं. तलावात पाणी निळं, तळ दिसतो, गॉगल लावलेला असतो. नकळत आपण डोळ्यांनी रोल शिकतो. गंगापूरला पावसाळ्यात येणारं पाणी मातकट असतं, तेव्हा पालथं झाल्यावर चहुकडे एकच तपकिरी अंधार. वर कुठे, खाली कुठे, पातं कुठल्या बाजूला, काही कळत नाही. मग घाई होते आणि घाईची फळं वर लिहिलीच आहेत. उपाय सोपा आहे: तलावातच डोळे मिटून सराव करा. पातं थापटून पाणी ओळखायची सवय तिथेच लावा. दांड्यावर मनगटाला कोन कळावा म्हणून बऱ्याच पॅडलना पकडीच्या जागी लंबगोल आकार असतो. नसेल तर आम्ही तिथे चिकटपट्टी लावून छोटा उंचवटा करतो. अंधारात हातच डोळे होतात.

दुसरा फरक लाइफ जॅकेटचा. तलावात बरेच जण ते काढून सराव करतात. धरणावर ते घालायचंच आणि त्याने अंगाचं तरंगणं बदलतं: ते वर आणायला मदत करतं, पण डेकवर वाकताना पोटाशी येतं. तेव्हा शेवटचे काही सराव तलावातही जॅकेट आणि हेल्मेट घालूनच करा.

तिसरा वाऱ्याचा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो आणि धरणावर लाटा उठतात. वारा बोटीला ढकलत नेतो, पाण्यातलं अंग मागे रेंगाळतं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला राहतं. त्याच बाजूने वर येणं सोपं पडतं. एकाच बाजूचा रोल येणाऱ्याला अशा वेळी नेमकी नकोशी बाजू वाट्याला येते. एक बाजू पक्की झाली की दुसरी शिकायला घ्या, पण पहिली पक्की होण्याआधी नाही. दोन्हींचा गोंधळ होतो.

आणि थंडी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचं पाणी सकाळी असं गार असतं की डोकं बुडताच श्वास आपोआप आत ओढला जातो. तो क्षण पाण्याखाली आला तर धोका आहे. आम्ही त्या दोन महिन्यांत सकाळचा सराव ठेवत नाही. इतर वेळीही उलटण्याआधी चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी मारून घ्या. नाकाला चिमटा लावा, त्यात कमीपणा नाही. नाकात पाणी गेलेला माणूस विचार करत नाही. पण दम वाढवायला भराभर खोल श्वास घेण्याची पद्धत कुणी सांगितली तर ऐकू नका. त्याने पाण्याखाली अचानक शुद्ध हरपू शकते. एक नेहमीचा श्वास पुरतो. नीट झालेला रोल काही सेकंदांचा असतो.

पहिला फसला की दुसरा हमखास फसतो

याला खास कारण आहे. पहिला प्रयत्न सुटल्यावर पॅडल कुठेतरी आडवं, अंग मागे रेललेलं, आणि तिथूनच माणूस दुसरा झटका मारतो. सुरुवातीची स्थिती नसतानाच. फसल्यावर डेकवर पूर्ण पुढे या, पॅडल पुन्हा कडेला लावा, पुन्हा थापटा. त्याला एक सेकंद लागतो. तोंड क्षणभर बाहेर आलं असेल तर तेवढ्यात श्वास घ्या, वाया घालवू नका.

आमचा नियम दोन प्रयत्नांचा. तिसरा करायचा नाही, बाहेर पडायचं. स्प्रे स्कर्टचा पुढचा पट्टा ओढायचा, कडेला हात लावून पाय बाहेर काढायचे. त्यासाठी बोटीत बसल्यावर रोज पहिलं काम म्हणजे तो पट्टा बाहेर आहे ना हे हाताने चाचपणं. आत दुमडला गेलेला पट्टा उलट्या बोटीत शोधायची वेळ कुणावर येऊ नये. जो माणूस शांतपणे बाहेर पडू शकत नाही त्याला मी रोल शिकवत नाही. बाहेर पडता येतं ही खात्री असली की पाण्याखालचे ते दोन सेकंद थांबता येतात, आणि थांबता आलं की रोल येतो. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

बाहेर पडून पाणी भरलेली बोट तशीच घेऊन परत रोल करायला जाऊ नका. आतलं पाणी डोलतं आणि बोट नेमकी नको त्या बाजूला झुकते. काठावर नेऊन रिकामी करा.

ज्यांनी ही कला घडवली त्यांच्यासाठी बाहेर पडणं हा पर्यायच नव्हता. ग्रीनलंडचे इनुइट शिकारी हाडा-लाकडाच्या सांगाड्यावर कातडं ताणून कयाक बनवायचे आणि अंगातला कातडी झगा कॉकपिटला बांधून घ्यायचे. त्या पाण्यात बाहेर पडणं म्हणजे मरण. हार्पूनची, म्हणजे शिकारीच्या भाल्याची, दोरी गुंतली, एक हात अडकला, वल्हं हरवलं, अशा एकेका संकटासाठी त्यांच्याकडे वेगळा रोल होता. तिथल्या स्पर्धांत आजही तीसहून अधिक प्रकार करून दाखवतात. ब्रिटिश शोधक जिनो वॉटकिन्स 1930-31 च्या मोहिमेत त्यांच्याकडूनच हे शिकले. 1932 मध्ये तिथेच एकटे शिकारीला गेले असताना त्यांची कयाक तरंगताना सापडली, ते सापडले नाहीत. उत्तम रोल येणारा माणूस, वय पंचवीस. हे वाचल्यापासून मी एकटी सरावाला गेलेले नाही, अगदी ओळखीच्या पाण्यातही.

सोबती म्हणजे काठावर मोबाइल घेऊन बसलेला माणूस नव्हे. तो पाण्यात, हाताच्या अंतरावर हवा. तुम्ही पालथे असताना बोटीच्या पोटावर तीनदा थापटलंत तर त्याने त्याच्या बोटीची नाळ तुमच्या हातापाशी आणायची किंवा सरळ बोट पलटवायची, हे आधी ठरलेलं असावं. पाणी छातीइतकं तरी खोल हवं, नाहीतर डोकं तळाला लागेल.

जागेबद्दलही सांगायला हवं. गंगापूर हे मातीचं धरण, नाशिकचं पिण्याचं पाणी तिथून येतं. परवानगी घेऊनच उतरा, भिंतीपासून आणि दरवाजांपासून लांब राहा. शहरातल्या गोदावरीत जिथे पाणवेली साचतात तिथे रोलचा सराव करूच नका. पॅडल मुळांच्या जाळ्यात अडकतं आणि वर यायला मोकळी जागा राहत नाही. पाणीही कानात जाण्यासारखं नसतं. पावसाळ्यात विसर्ग सुटल्यावर तर नदीचं नाव काढू नका. रामकुंडापाशी लोक दुतोंड्या मारुतीला पाणी कुठे लागलं यावरून पूर मोजतात. तो आकडा कयाकवाल्याने काठावरूनच बघायचा. बंधाऱ्याखाली उलट फिरणारं पाणी बोटीला आणि माणसाला तिथेच घोळवत ठेवतं, तिथे रोल येऊनही उपयोग नाही. वाहत्या पाण्याचा सराव हवा असेल तर कोलाडला कुंडलिका नदीवर, माहितगार माणसांसोबत जा.

एका बैठकीत अर्धा तास पुरे. त्यानंतर कानात पाणी जाऊन गरगरायला लागतं, खांदे थकतात आणि पुढचे रोल फक्त चुका घोटवतात. शेवटचा रोल चांगला झाला की थांबा, अजून दहा मिनिटं उरली असली तरी. घरी जाऊन कान कोरडे करा आणि त्या दिवशी काय सापडलं ते वहीत दोन ओळींत लिहा. पुढच्या रविवारपर्यंत शरीर विसरतं.

भाच्याला त्या दिवशी चौथ्या खेपेनंतर मी त्याचं स्वतःचं पॅडल आणून दिलं, काखेत स्पंज दिला आणि सांगितलं, वर यायचं नाही, फक्त बघायचं काय होतं ते. तो कलंडला. दोन थापा ऐकू आल्या. पातं फिरलं, बोट कडेवर आली, थबकली आणि परत गेली. या वेळी तो बाहेर पडला नाही. मी नाळ पुढे केली, ती धरून वर आला आणि धापा टाकत म्हणाला, "मावशी, आडवा होईपर्यंत आलो. पातं वरच होतं. डावा गुडघा आवळला गेला."

स्पंज काखेतच होता.